आयोडीन ओतण्याआधी

दरवर्षी प्रॅक्टिकलमध्ये हा एक दिवस येतो आणि दरवर्षी मी वर्गात वाईट वागते.

पांढरे कोट घालून मुलं-मुली टेबलाशी उभी असतात. समोर पेट्री प्लेट, म्हणजे झाकणाच्या गोल बशा, आणि बाटलीत तपकिरी आयोडीन. बशीत आगर, म्हणजे समुद्री शेवाळाची जेली, घट्ट बसवलेलं असतं आणि त्यात स्टार्च मिसळलेला. स्टार्च म्हणजे तांदळात, बटाट्यात, कंदात असतं तेच पिठूळ सत्त्व. त्यावर मातीतले जिवाणू वाढवलेले, ठिपक्याठिपक्यांनी. आयोडीन ओतलं की सगळा स्टार्च काळानिळा होतो. पण एखाद्या जिवाणूनं आपल्याभोवतीचा स्टार्च पचवलेला असेल तर तिथं रंग चढत नाही, काळ्यात एक स्वच्छ गोल उरतो. जिवाणू अमायलेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडतो आणि ते स्टार्चचे तुकडे करतं. आपल्या थुंकीतही ते असतं. प्रयोग सोपा आहे, दिसायला देखणा आहे, आणि मुलं मोबाइल काढून तयारच असतात.

"थांबा," मी म्हणते. "आधी दुसरी प्लेट दाखवा."

आयोडीननं जिवाणू मरतात. जखमेवर आपण ते उगाच लावत नाही. म्हणून ओतण्याआधी प्रत्येक ठिपक्याचा कण सुईनं उचलून दुसऱ्या प्लेटवर उतरवून ठेवायचा असतो. एक प्लेट बघण्यासाठी, एक जगवण्यासाठी. ज्याच्याकडे दुसरी प्लेट नाही त्याला मी बाटलीला हात लावू देत नाही. आणि ज्यानं घाईत ओतलं, त्याला असं काही बोलते की ते पोर पुढं बरेच दिवस मला बघून वाट बदलतं. मला पाठीमागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. एका प्लेटवरनं एवढा राग कशाला, असं एका मुलीनं तोंडावर विचारलं होतं. तिला मी उत्तर दिलं नाही, कारण ते वर्गात द्यायचं उत्तर नव्हतं.

आमचं गाव कन्नड मुलखातल्या जोयडा तालुक्यात, दिग्गीच्या वाटेला. होतं, म्हणायला पाहिजे. बाजारकुणंगला बसमधून उतरायचं आणि पुढं पायांनी. गाव म्हणजे मोजकी घरं, घरांसमोर भाताचे तुकडे आणि त्यापलीकडे सगळं रान. भात कमी पडायचा. पोट भरायचं ते घरामागच्या कंदांवर. कोनफळ, काटेकणंग, आणि मुडली म्हणजे अळूच्या जातीचा मोठा कंद. रानडुकरं हे सगळं आमच्याआधी खणून खायला टपलेली, म्हणून आईची लागवड घराला अगदी खेटून असे. तिच्या झोपेतही तिचा एक कान परसात असायचा.

कंद खणायचा आमच्याकडे एक रिवाज होता. खणला की पहिल्यांदा वेलाकडचं डोकं कापायचं. कापलेल्या तोंडाला चुलीतली राख फासायची आणि ते सुपात वेगळं ठेवायचं. तेच पुढं पावसाआधी मातीत जायचं. मगच उरलेला कंद घरात, चुलीवर. उलट कधीच नाही. सुपातल्याला कुणी हात लावायचा नाही, घरात दुसरं काही नसलं तरी, पाहुणा दारात आला तरी. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, लहानपणी एकदा त्यातलं एक डोकं निखाऱ्यात भाजून खाल्लं. आईनं त्याला मारलं नाही. ती त्याच्याशी बोलायचीच बंद झाली, आणि शेवटी तोच रडून तिच्या पाया पडला. वडील तेव्हा होते, ते म्हणाले, एका तुकड्यासाठी पोराचा जीव काढतीस काय. आई त्यांच्याशीही बोलेना.

परसाच्या कडेला एक खड्डा होता. कंदाच्या साली, सडके तुकडे, तांदळाचं धुवण, उरलेली पेज, सगळं त्यात. आंबूस वास यायचा. पाहुणे त्या बाजूला बसत नसत.

एमएस्सीला मी शहरातल्या कॉलेजात गेले. आमच्या गावातून तिथवर पोचलेली मी पहिली, आणि हे मला रोज कुणी ना कुणी ऐकवायचं, कौतुकानं, पण असं की त्यापेक्षा शिवी बरी. आमचे मार्गदर्शक सर कन्नड बोलणारे, हुशार, हसतमुख, कपड्यांना इस्त्री. त्यांनी सगळ्यांना एकच विषय दिला. मातीतून स्टार्च पचवणारे जिवाणू शोधायचे. कुणी पिठाच्या गिरणीजवळची माती आणली, कुणी बटाट्याच्या बाजारातली, एकानं हॉटेलच्या मोरीतली. मी दिवाळीला घरी गेले आणि येताना खड्ड्यातली माती आणली. आईनं विचारलं, काय गं हे. मी म्हटलं, अभ्यास. ती हसली आणि म्हणाली, "आमी टाकायचं आनि तुमी त्यावर परीक्षा द्यायची."

ती माती पाण्यात कालवली, ते पाणी आणखी पाण्यात, पुन्हा आणखी पाण्यात, असं पातळ करत नेलं, म्हणजे ठिपके एकमेकांवर चढत नाहीत. मग प्लेटवर पसरलं आणि उबेच्या कपाटात ठेवलं. ठिपके उगवल्यावर त्यांचे कण दुसऱ्या प्लेटवर उतरवले आणि पहिलीवर आयोडीन ओतलं. सगळी प्लेट काळी झाली, आणि मधोमध एका मळकट, सुरकुतलेल्या ठिपक्याभोवती असा मोठा स्वच्छ गोल निघाला की शेजारच्या टेबलावरची मुलं उठून आली. मला खरंच आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्या वर्गात माझ्याकडे असं काही होतं जे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

सर वाकून बघत राहिले. "कुठली माती?"

"घरामागची."

"म्हणजे जंगलातली," ते म्हणाले.

मी म्हटलं, घरामागची. त्यांनी ऐकलं नाही. त्या दिवसापासून तो "आमचा जंगलचा जिवाणू" झाला आणि मी गमतीनं "जंगलवाली" झाले. सगळे हसायचे, मीही हसायचे. न हसून कुठं जाणार होते?

पण जिवाणू गुणी निघाला. बाकीच्यांच्या जिवाणूंचं एन्झाइम पाणी जरा तापलं की गळून जायचं, याचं चांगल्या कढत पाण्यातही स्टार्च तोडत राहायचं. कापडाच्या गिरण्यांत, जिथं सुताची खळ काढून टाकायची असते, तिथं असल्या एन्झाइमला मागणी असते. सर म्हणाले, याच्यावर पीएचडी होईल तुझी, मी घेतो तुला. तेवढं एक वाक्य धरून मी ते वर्ष काढलं. बाकी काही नव्हतं माझ्याजवळ. ना ओळखी, ना इंग्रजी. तो एक ठिपका होता.

त्याच उन्हाळ्यात गाव उठलं. वाघांसाठी रान मोकळं करायचं होतं. सगळं स्वखुशीनं झालं असं कागदावर आहे, आणि ते अगदी खोटंही नाही. दादाला लहान पोरं होती, शाळा लांब, दवाखाना त्याहून लांब, पावसात वाट बंद. त्यानं सही केली. आईनं अंगठा दिला. मी परीक्षेत होते. दादाचं चुकलं असं मी म्हणत नाही. वडील गेले त्या दुखण्यात त्यांना खांद्यावरनं रस्त्यापर्यंत न्यायला लागलं होतं, आणि खांदा त्याचा होता. पण घराचे वासे काढून ट्रकात भरले तेव्हा मला कुणी बोलावलं नाही, याचा राग मला अजून आहे. रामनगरच्या बाजूला नवी सिमेंटची घरं मिळाली, ओळीनं, फरशीची. खड्डा अर्थातच मागं राहिला. मी मनाला म्हटलं, त्यातलं एक तरी माझ्याकडे आहे. काचेच्या नळीत, फ्रिजमध्ये, जिवंत आहे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. लोकांचे देव येतात बरोबर, यांचा जंतू आला, असं कुणी म्हटलं असतं.

पावसाळ्यात कॉलेजचा फ्रिज बंद पडला. सुट्टी होती, वीज जात-येत होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. उघडला तेव्हा माझ्या नळ्यांत हिरवी बुरशी वाढलेली. "असं होतं," सर म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या नळ्या दुसऱ्या फ्रिजमध्ये होत्या.

मी ते दिवस वेड्यासारखी झाले होते. प्रत्येक नळीतून खरवडून पुन्हा पुन्हा प्लेटवर ओढायचे. बुरशी यायची, भलतंसलतं यायचं, तो यायचा नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीला मी घरी गेले नाही. कुठल्या घरी जायचं तेही नीट कळत नव्हतं. आणि थंडीत एकदा, आशा सोडल्यावर, एका प्लेटवर तो आला. तसाच मळकट, कडेला सुरकुतलेला. जुनी प्लेट बुरशीनं भरत चालली होती, म्हणून मी त्याला एकट्याला नव्या प्लेटवर घेतलं, उबेच्या कपाटात ठेवलं, आणि झाकणावर लाल पट्टी चिकटवून कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहिलं, हात लावू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर ठिपके धरले होते, पण मोहरीएवढेच. दुपारपर्यंत भरले की आणखी प्लेटांवर उतरवायचं ठरवलं. दुपारपर्यंत, एवढंच.

त्या दिवशी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. पाहुण्यांना काहीतरी इथलं खास द्यायचं असं ठरलं होतं, आणि इथलं खास म्हणजे मी. जोयड्याच्या बाजारातून मी काटेकणंग आणून ठेवले होते. सर सकाळीच म्हणाले होते, तू तेवढं उकडून सोलून दे, तुला सवय आहे. मी म्हटलं, सर, मला दुपारी प्लेट उतरवायची आहे. ते म्हणाले, पाहुणे गेले की कर, पळून जातीय का ती.

म्हणून मी स्टाफरूमच्या मागच्या खोलीत कंद सोलत बसले. गरम काटेकणंग सोलताना बोटं भाजतात आणि सालीचे केसासारखे तंतू नखांत अडकतात. चटणी केली, बशा भरल्या, ट्रे उचलला आणि प्रयोगशाळेत गेले.

सर टेबलाशी उभे होते, भोवती पाहुणे. बाकीच्या मुलांच्या प्लेटा आधीच काढलेल्या, त्यांवर बुरशी. सरांच्या डाव्या हातात एक प्लेट होती, उजव्या हातात बाटली. लाल पट्टीचं झाकण टेबलावर उलटं पडलं होतं. मी दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा आयोडीन पसरत होतं. सरांनी प्लेट तिरपी केली, जास्तीचं ओतून टाकलं, आणि ट्यूबलाइटखाली वर धरली.

काळ्या प्लेटवर स्वच्छ गोल. एकाला एक लागून, टपोरे. मी त्याआधी आणि नंतरही इतकं सुंदर काही बघितलेलं नाही.

टाळ्या पडल्या. पाहुण्यांतल्या एका बाईंनी मोबाइलवर फोटो काढला आणि विचारलं, कुठला हा? सर म्हणाले, आमच्या जंगलातला. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "ये, ये," ते म्हणाले. आणि पाहुण्यांना सांगितलं, "हिनं तुमच्यासाठी कंद आणलेत."

मी ट्रे फिरवला. सगळ्यांसमोर फिरवला. सरांसमोरही. बाई म्हणाल्या, छान लागतात, मऊ आहेत. त्या ट्रेसकट सगळं सरांच्या अंगावर टाकायला हवं होतं, असं आजही रोजची भांडी घासताना मधेच वाटतं.

पाहुणे गेल्यावर मी सरांना सांगितलं. शांतपणे सांगितलं. सर, तेवढीच एक प्लेट होती. दुसरी नव्हती. वर लिहिलं होतं.

"वाचलं मी," ते म्हणाले. "मला वाटलं, बाकीच्या मुलांसाठी असेल." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? पुन्हा माती आण."

"गाव उठलंय, सर."

"माती तर उठली नाही ना?"

त्यात त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. तेच जास्त वाईट. ते एक तोडगा सुचवत होते.

मी ती प्लेट धुऊन धुऊन बघितली. आयोडीन निथळून टाकलं, ठिपक्यांच्या तळातलं आगर कापून घेतलं, खरवडून नव्या प्लेटांवर ओढलं. काही आलं, ते हवेतलं कसलंतरी होतं. स्टार्च त्यानं हुंगलाही नाही.

मग मी गावाकडे निघाले. वाटेवर नवं गेट झालं होतं. गेटवरचा पोरगा शेजारच्या गावातला, मला ओळखणारा. म्हणाला, "अक्का, आत सोडता येत न्हाई. सायबाची परवानगी आना."

"मला जायचंय फक्त परसात. मूठभर माती घेऊन येते."

"माती तर न्हाईच न्हेता येत." तो खरंच अवघडला होता. तेवढ्यात कुळगीकडून पर्यटकांची एक जीप आली, टोप्या, दुर्बिणी, हसणं. त्यानं गेट उघडलं, जीप आत गेली, गेट लावलं. मी बघत होते हे त्याला कळलं. "त्येंच्याकडं तिकीट हाय," तो म्हणाला. "मातीला तिकीट न्हाई, अक्का, मी तरी काय करू?"

मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं, "आनि जाऊन तरी काय मिळनार? घरांच्या जागा मशीन लावून सपाट केल्यात. गवत पेरलंय, हरनांला."

म्हणजे खड्डाही नव्हता. मी परतीच्या बसमध्ये बसले आणि सगळा रस्ता एकच विचार करत होते. आई. आईनं बियाणं आणलं असणार. कुदळ आणली असणार. काटेकणंगाच्या तंतूंत माती धरून बसते, ती सहजी सुटत नाही. कुदळीच्या दांड्याजवळच्या फटीत जुनी माती वाळून दगड झालेली असते. सुपाच्या विणीत असते. मला चमचाभर पुरली असती. चिमूटभर पुरली असती. रामनगरला उतरेपर्यंत मला जवळजवळ खात्री झाली होती.

आई नव्या घराच्या मागं होती. मागं म्हणजे दोन भिंतींमधली पट्टी. तिथं तिनं पावसाआधी कंद लावले होते आणि आता पहिल्यांदा खणत होती. मला बघून उठली नाही, फक्त म्हणाली, "आलीस? बस. हात घाण हाईत."

मी बसले नाही. कुदळ उचलली आणि दांड्याची फट बघितली. लोखंड चकचकीत. फट रिकामी. सूप बघितलं, विणीत काही नाही. टोपली बघितली.

"काय हुडकतीस?"

"आये, गावाकडनं आणलेलं अजून काय हाय? माती लागलेलं?"

"माती?" ती जरा दुखावलीच. "एक कण न्हाई आनला. निघायच्या आदी समदं वढ्यावर न्हेऊन घासलं. कुदळ, सूप, टोपल्या, पाटा. बियानं सुदीक नारळाच्या काथ्यानं घासलं, एकेक. पांढरं झालं बघ, अंड्यावानी. मग नवी राख लावली."

"कशाला?"

तिनं शेजारच्या भिंतीकडे हनुवटी केली. पलीकडे खानापूरकडची मंडळी राहतात, दुकानवाली. "घर बघायला पयल्यांदा आलो न्हवं, तवा त्या वैनीनं माज्या पायाकडं बघितलं. म्हनाली, ह्या रानातल्या लोकांच्या अंगाला मातीचा वास येतोय. माज्या म्होरंच. मी म्हनलं, बरं. आता येतो का बघ म्हनावं."

आणि ती हसली. अभिमानानं. तिच्या दृष्टीनं ती लढाई तिनं जिंकलेली होती.

मी खाली बसले. मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडायला जागाच नव्हती. ज्या बाईनं तिचे पाय बघितले तिच्यावर ओरडायला हवं होतं, ती भिंतीपलीकडे टीव्ही बघत होती. मग मी आईला सगळं सांगितलं. खड्ड्यातल्या जंतूचं, पीएचडीचं, फ्रिजचं. तिला किती कळलं कुणास ठाऊक. ती ऐकताना हातातला कंद बोटांनी चोळत राहिली.

"आदी बोलली असतीस," ती म्हणाली, "तर पदरात बांदून आनली असती की."

समितीतल्या बाईंनी काढलेला फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आला होता. मी मोबाइल काढून तिला दाखवला. तिनं हात लुगड्याला पुसले, मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांपासून लांब नेला.

"ह्यो आपल्या खड्ड्यातला?"

"व्हय."

"आनि ह्यो उजेड?"

"भवतीचं सगळं खाऊन पचवलंय त्यानं. म्हणून तेवढी जागा काळी न्हाई झाली."

ती बराच वेळ बघत राहिली. तिला आवडलं होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "लई खादाड," ती म्हणाली. "आमच्यावानीच. मग बरंच झालं की. जित्ता हाय न्हवं हितं?"

"न्हाई, आये. ते औषध ओतल्याबिगार हा गोल दिसत न्हाई. आणि ओतलं की तो मरतो. तू बघतीस तो मेलेला हाय."

"मग वतलं कशाला?"

"पाव्हण्यांना दाखवायला."

"आनि बी? बी आदी बाजूला न्हाई काडलं?"

"काढणार हुते. तेवढ्यात कंद सोलायला बोलावलं."

तिनं मोबाइल माझ्याकडे दिला. खणलेले कंद समोर ओढले. नव्या जागेतलं पहिलं पीक, ती माती मुरमाड आणि घट्ट, कंद अंगठ्याएवढे. ती विळीवर बसली आणि एकेकाचं डोकं कापू लागली, राख लावून सुपात ठेवू लागली. मी उरलेले तुकडे गोळा करायला भांडं घेऊन बसले. डोकं कापल्यावर मागं काही उरतच नव्हतं, नखाएवढी साल. तरी तिनं एकही डोकं चुकवलं नाही. सूप भरलं, भांडं रिकामं राहिलं. त्या दिवशी आम्ही रेशनच्या तांदळाचा भात खाल्ला.